डोंगरी सायकलीची मागची कमान

वसईच्या खाडीवरील पूल ओलांडून आगगाडी उत्तरेस आली म्हणजे पहिलें स्टेशन लागतें तें नायगांवचें. पश्चिमेकडे मिठागरें व खाडीकांठचीं जुनीं गांवें, पूर्वेकडे जूचंद्रच्या बाजूस उठलेल्या नव्या इमारतींच्या रांगा, आणि महामार्गाच्याहि पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर, असा हा मुलूख आहे. सपाटीवर राहावें आणि डोंगराकडे पाहावें, हें येथील तरुणांच्या नशिबीं आलेलें आहे. त्यांतील एखादा कॉलेजांत असतांना घेतलेली साधी गिअरची सायकल घेऊन रविवारीं पहाटे निघतो, दगडगोट्यांच्या वाटेनें चढतो, उतरतांना हातांना मुंग्या आणून घेतो, आणि घरीं येऊन जाहीर करतो कीं, ही सायकल आतां पुरे झाली. यापुढें दोन्ही चाकांना शॉकर असलेलीच पाहिजे. तो किंमत सांगतो तेव्हां घरांतील वडील मंडळी प्रथम गप्प बसतात, आणि मग तेवढ्यांत मोटारसायकल येईल असें म्हणतात.

हिशेबाच्या दृष्टीनें वडील मंडळींचें म्हणणें बरोबर आहे. नामांकित कारखान्याची अशी सायकल लाखाच्या खालीं क्वचितच मिळते, आणि उत्तम बनावटीची कित्येक लाखांवर जाते. परंतु तरुणाचा मुद्दा मोटारसायकलीनें सुटत नाहीं. म्हणून मागच्या चाकाची ही कमान करते काय, ती कोणास लागते, आणि अशा सायकलींपैकीं कोणती निवडावी, याचा शांतपणें विचार केलेला बरा.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. दुकानांतून 'डबल शॉकर' या नांवाखालीं दहा-पंधरा हजारांत जी सायकल मिळते, तिलाहि मागें एक जाड स्प्रिंग असते. ती झगझगीत रंगविलेली असते, आणि मुलांचे डोळे नेमके तिच्यावरच खिळतात. पण तिला आवरणारें असें बहुधा कांहींच नसतें. दाबलेली कमान उसळावयाचीच, हा तिचा धर्म आहे. खड्ड्यांतून वर येणारें चाक असल्या सायकलीवर स्वारालाहि वर फेकीत येतें. खऱ्या शॉकरमध्यें दोन वस्तू असतात. एक धक्का झेलणारी कमान, मग ती पोलादी असो वा कोंडलेल्या हवेची असो. आणि दुसरी, त्या कमानीची उसळी मारणारें तेल. हें तेल एका नळींत असतें, आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून त्याला ये-जा करावी लागते. त्या खटाटोपांत धक्क्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें खर्ची पडते. दार आपटूं नये म्हणून कचेऱ्यांतून दाराच्या वर जें तेलाचें यंत्र बसवितात, त्याचेंच हें भावंड होय. स्वस्त डबल शॉकरमध्यें ही दुसरी वस्तु नसते, सांगाडा लोखंडी व जड असतो, आणि पायडल मारणाराचा बराचसा जोर कमान दाबण्यांतच जातो. त्याच पैशांत मागें कमान नसलेली, पण चांगल्या ब्रेकची सायकल येते व ती पुष्कळ बरी. भर उतारावर दिखाऊ सायकलीचा सांधा निखळला, तर वांचलेल्या पैशाचा हिशेब इस्पितळांत करावा लागतो.

वास्तविक हवा भरलेला टायर हीच सायकलीची पहिली खरी कमान. डनलॉपनें ती १८८८ सालीं बेलफास्ट येथें पुढें आणली, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें बहुतेक सायकलींना दुसरीची गरज भासली नाहीं. १९७० नंतर कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत, टमाल्पाइस पर्वताच्या परिसरांत, कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन भरधाव उतरूं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं तेथें शर्यत लावली. तिचें नांव 'रीपॅक' पडलें. कारण एका उतरणींतच मागच्या ब्रेकचें ग्रीस जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे. पुढें १९८१ त स्पेशलाइज्ड कंपनीनें 'स्टंपजंपर' ही डोंगरी सायकल कारखान्यांतून मोठ्या संख्येनें काढली, १९९० च्या सुमारास रॉकशॉक्सचा कमानीचा चिमटा आला, आणि १९९६ त अटलांटा येथें हा खेळ ऑलिंपिकमध्यें दाखल झाला. मागची कमान मात्र बराच काळ बदनाम होती. चढावर पायडल मारलें कीं सायकल घोड्यासारखी खालींवर डुले. सांध्यांची रचना सुधारत गेली तशी ही तक्रार आतां पुष्कळ कमी झाली आहे. पण मुळींच नाहींशी झाली, असें विक्रेता म्हणाला तर तें मनावर घेऊं नये.

मागची कमान ही बसणाऱ्याच्या सुखासाठीं आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तिचें खरें काम निराळें आहे. चाक जमिनीला धरून ठेवणें हें तें काम. दगडावरून उडालेलें चाक जितका वेळ हवेंत असतें, तितका वेळ त्याचा ब्रेक दाबून वेग कमी होत नाहीं, आणि त्याच्या आधारानें वळतांहि येत नाहीं. कमान त्याला लगेच खालीं आणते. तेव्हां जो पैसा द्यावयाचा तो सायकल ताब्यांत राहण्यासाठीं. आणि ताबा सुटण्याचा प्रसंग दगडामागून दगड येणाऱ्या उतारावरच येतो. नायगांवाहून वसईच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर ही कमान म्हणजे दोन-तीन किलो अधिक ओझें, एवढाच तिचा अर्थ.

सायकलींचे वर्ग पाडतांना मागचें चाक किती वर येऊं शकतें, तें मिलिमीटरमध्यें सांगतात. याला चाकाची चाल म्हणूं. १०० ते १२० मिलिमीटर चालीच्या सायकली हलक्या व चढाच्या शर्यतींना योग्य. १३० ते १५० च्या सायकली चढ-उतार दोन्ही सांभाळणाऱ्या. १६०-१७० च्या मुख्यतः उतारासाठीं. आणि २०० च्या आसपासच्या केवळ उतारासाठींच. स्कॉटची 'स्पार्क' पहिल्या वर्गांतील. तिची चाल मागें १२० आहे, आणि २०२१ सालच्या नव्या घडणीपासून तिचा शॉकर सांगाड्याच्या पोटांतच लपविलेला आहे. दिसावयास तें फार सुबक दिसतें. पण तेथपर्यंत हात पोंचविणें मेकॅनिकला तितकेंच जिकिरीचें जातें. ट्रेकची 'फ्युएल ईएक्स' २०२२ च्या घडणींत मागें १४० व पुढें १५० चालीची झाली. ही मधल्या वर्गांतील नमुनेदार सायकल समजावी. त्याच कारखान्याची २०२३ ची 'स्लॅश' १७० पर्यंत जाते. आंकडा मोठा तितकी सायकल श्रेष्ठ, असा हिशेब करून तरुण मंडळी नेमकी येथेंच फसतात.

चाल वाढली म्हणजे वजन वाढतें, पुढचा चिमटा अधिक कललेला होतो, आणि सायकल वेगांत स्थिर पण मंद गतींत आळशी बनते. आल्प्सच्या पायथ्यापासून अथवा कॅनडांतील व्हिस्लर येथें पाळण्यांत बसून सायकलीसह माथ्यावर जातां येतें. तेथें १७० ची चाल शोभते. तुंगारेश्वरावर चढावयाचें तें स्वतःच्या पायांनीं. शिवाय हा डोंगर २००३ पासून अभयारण्य आहे. तेथें वनखात्याचे नियम चालतात, परवानगीवांचून आडवाटेला शिरतां येत नाहीं, आणि जी वाट मोकळी आहे तीवरून देवळाकडे जाणारीं माणसें, म्हातारींकोतारीं व पोरेंबाळें, चालत असतात. श्रावणी सोमवारीं वा महाशिवरात्रीस तर सायकल घरींच ठेवलेली चांगली. इतर दिवशींहि अशा वाटेवर १७० च्या चालीला साजेसा वेग ठेवणें हा दुसऱ्याच्या हाडांशीं खेळ आहे. वेग ठेवतां येत नसेल तर त्या वेगासाठीं घडविलेल्या यंत्राचे पैसे कशाला भरावे? नायगांवच्या स्वारानें दोन कमानींची सायकल घ्यावयाचीच ठरविली, तर ती १२० ते १४० च्या दरम्यानची असावी. ज्याला चढाची व लांबच्या दौडीची आवड त्यानें १२० कडे झुकावें, ज्याचा जीव उतारावर अधिक घाबरतो त्यानें १४० कडे.

पण घ्यावयाचीच का, हा प्रश्न त्याच्याहि आधीचा. त्याचें उत्तर मिळविण्याची एक साधी रीत आहे. महिनाभर एक वही ठेवावी, आणि प्रत्येक फेरीनंतर सायकलीवरून कोठें व कां उतरावें लागलें तें टिपावें. चढावर दम संपून उतरावें लागत असेल तर कमानीचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. उलट जड सायकलीनें दम अधिकच लवकर संपेल. ओल्या, शेवाळलेल्या दगडावरून चाक घसरत असेल तर दोष टायरचा. साध्या ट्यूबच्या टायरांत पुष्कळ लोक ४० पौंडांवर हवा भरतात. सुमारें ७० किलो वजनाच्या स्वाराला, सव्वादोन इंच रुंदीच्या ट्यूबविरहित टायरांत २५ पौंडांच्या आसपास हवा पुरते, आणि तेवढ्यानेंच दगडांवरची पकड बदलते. हात बधिर होत असतील तर पुढचा चिमटा तपासावा. त्यांतील तेल वर्षानुवर्षें कोणी बदललेलें नसतें. या दुरुस्त्या करून झाल्यावरहि, उतारावर मागचें चाक उडून सायकल आडवी जाते अशी नोंद पानोपान येत असेल, तर मागच्या कमानीची मागणी रास्त आहे. बहुतेकांच्या वह्या त्याआधींच मिटतात.

सायकली पाहतांना विक्रेते सांध्यांच्या रचनेचीं नांवें पुढें करतात. कोणी हॉर्स्ट लाइटनर या कारागिराच्या नांवानें ओळखला जाणारा चार दांड्यांचा सांधा सांगतो, कोणी जायंट कंपनीचा 'माएस्ट्रो' सांगतो. नामांकित कारखान्यांच्या या रचनांत आतां फरक आहेत ते शर्यतवाल्यांना जाणवण्याइतके बारीक आहेत. त्यापेक्षां सांध्यांत बेअरिंगें कोणत्या मापाचीं आहेत तें विचारावें. ६९०२ यासारख्या सर्वमान्य क्रमांकाचीं असतील तर तीं मुंबईंत बेअरिंगच्या दुकानीं मिळतात. कारखान्यानें स्वतःपुरतें काढलेलें एखादें विचित्र माप असेल, तर एका बेअरिंगेसाठीं सायकल पावसाळाभर उभी राहते. नायगांवांत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मिठागरांवरून येणारी खारट दमट हवा, आणि त्यांत भुईगांव वा कळंबच्या किनाऱ्यावर वाळूंतून सायकल फिरविण्याची हौस, यांनीं पोलाद फार लवकर गंजतें. साध्या सायकलीला हा त्रास दोन-चार ठिकाणीं होतो. दोन कमानींच्या सायकलीला मागच्या सांध्यांतच आठ-दहा बेअरिंगें अधिक असतात. किनाऱ्यावरून आल्यावर ती गोड्या पाण्यानें, पण हलक्या हातानें धुवावी. मोटारी धुण्याच्या जोरकस फवाऱ्यानें बेअरिंगांतलें ग्रीस निघून जातें. रॉकशॉक्स आपल्या चिमट्याच्या खालच्या नळ्यांतील तेल दर ५० तासांच्या वापरानंतर बदलावयास सांगतें. दर रविवारीं चार तास फिरणाऱ्याला तें काम वर्षांतून चार वेळां पडेल. हा खर्च खरेदीच्या दिवशींच हिशेबांत धरावा, आणि तें काम जाणणारा मेकॅनिक किती अंतरावर आहे तेंहि पाहून ठेवावें.

सायकल पसंत पडल्यावर ती स्वाराच्या वजनास जुळवून घेणें राहतें, आणि पुष्कळ महागड्या सायकली या एका कामावांचून वायां जातात. हवेच्या शॉकरच्या दांड्यावर रबराची एक बारीक कडी असते. नेहमींची पिशवी व पाणी पाठीवर घेऊन स्वारानें हळूच बसावें, कडी शॉकरला टेकवावी, आणि न उसळतां उतरावें. कडी जितकी सरकली तितकी कमान नुसत्या वजनानें दबली. दांड्याची पूर्ण चाल ५० मिलिमीटर असेल तर कडी १३ ते १५ मिलिमीटर सरकावी. त्याहून अधिक सरकली तर छोट्या पंपानें हवा भरावी, कमी सरकली तर सोडावी. येथें दांडा ५० मिलिमीटर आंत जातो तेव्हां चाक १३० मिलिमीटर वर येतें, कारण मधला सांधा तरफेसारखा काम करतो. म्हणून दांड्यावरच्या दोन-तीन मिलिमीटरांचाहि फरक चाकाशीं मोठा होतो. हें सर्व दुकानदाराकडून समोर करवून घ्यावें. तो टाळाटाळ करील तर दुरुस्तीच्या वेळींहि करील.

पैशाची ओढ असणारा वापरलेल्या सायकलीकडे वळतो, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र कारखान्यांची सांगाड्यावरील दीर्घ मुदतीची हमी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच पुरती असते, हें त्यानें ध्यानांत घ्यावें. अशी सायकल पाहतांना बैठक धरून मागचें चाक किंचित् उचलावें. सांध्यांत खडखड लागली तर बेअरिंगें गेलीं. चिमट्याच्या व शॉकरच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवावें. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तेल टिकणार नाहीं, आणि ती नळी बदलण्याचा खर्च मोठा आहे. शेवटीं सायकल उलटी करून, जेथें सांधे सांगाड्याला जोडले जातात तेथील चिखल स्वतःच्या फडक्यानें पुसावा, आणि उजेडांत तडा पाहावा. विकणारानें फडकें पुढें केलें तरी आपलेंच वापरावें.