दिवस कुठे जातो? : एका पहिल्या पुस्तकाचे वर्ष

आपल्या साहित्यात लहान मूल नाही, असे कोणी म्हणणार नाही. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८० साली आले. या आणि नंतरच्या आत्मकथनांत उपाशी, अनवाणी, पाठीवर वळ घेऊन शाळेत जाणारे पोर पानोपानी भेटते. पण ते पोर मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेले आहे. आठ वर्षांच्या मुलीने हातात घ्यावे, चित्रावर बोट ठेवावे आणि ‘ही आमचीच गल्ली’ म्हणावे, असे पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी लिहिले? आपण कविता लिहिली, आत्मकथन लिहिले, समीक्षेत वाद घातले. पोरांचे पुस्तक मात्र आपण दुसऱ्यांच्या हाती सोडून दिले.

१९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या चळवळीवरून घेतले. तिथल्या काळ्या साहित्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्याच काळात तिथे मुलांच्या पुस्तकांवरून जे भांडण चालले होते, त्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. म्हणून एका लेखकाच्या पहिल्या पुस्तकाची हकीकत इथे मांडतो. लेखकाचे नाव वॉल्टर डीन मायर्स.

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी ‘सॅटरडे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला. बाई स्वतः गोऱ्या. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेली मुलांची ५,२०६ पुस्तके त्यांनी हिशेबात घेतली. ज्यांत एक तरी काळा माणूस दिसतो अशी पुस्तके निघाली ३४९, म्हणजे शंभरात सात सुद्धा नाहीत. त्यातही लोककथा, गुलामगिरीच्या काळातल्या गोष्टी, परदेशातल्या गोष्टी वजा केल्या तर आजच्या काळ्या माणसाचे जगणे सांगणारी पुस्तके शेकडा एकही भरेनात. या लेखाची सुरुवात एका पाच वर्षांच्या काळ्या मुलीच्या प्रश्नाने होते. पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का असतात, असे तिने विचारले होते. आपल्या मुली हा प्रश्न विचारत नाहीत, कारण आपल्याकडे रंग चित्रात दिसत नाही. आपल्याकडे तो आडनावात, घराच्या अंगणात, सणात, जेवणाच्या ताटात दिसतो. मुलीला काहीतरी खटकते, पण काय खटकते ते सांगता येत नाही.

लेखाने खळबळ उडाली हे खरे, पण नुसत्या खळबळीने प्रकाशक हलत नसतो. त्याच वर्षी अमेरिकेत प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा मोठा कायदा झाला होता आणि त्यातून शाळांच्या ग्रंथालयांना पुस्तकखरेदीसाठी केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला होता. शाळा खरेदी करणार, शाळांत काळी मुले आहेत, तेव्हा त्यांची पुस्तके हवीत, हे गणित प्रकाशकाला पटकन समजले. प्रस्थापितांच्या हृदयपरिवर्तनापेक्षा ग्रंथालयाच्या खरेदीयादीवर माझा जास्त विश्वास आहे. (हे वाक्य काही मित्रांना आवडणार नाही.)

१९६५ सालीच मुलांच्या पुस्तकांतल्या वंशभेदाविरुद्ध काम करणारी एक परिषद तिथे स्थापन झाली. ‘आम्हाला काळे लेखक सापडतच नाहीत’ ही प्रकाशकांची नेहमीची सबब. आपल्या कानांनाही ती परकी नाही. परिषदेने ती सबबच काढून घेतली. १९६८ च्या सुमारास तिने मुलांसाठी लिहू इच्छिणाऱ्या नव्या काळ्या लेखकांची हस्तलिखित-स्पर्धा सुरू केली. चित्रपुस्तकाच्या गटात निवड झाली ती मायर्स यांच्या हस्तलिखिताची.

हे मायर्स कोण? १९३७ साली जन्म. आई लहानपणीच गेली. हार्लेममधल्या डीन कुटुंबाने त्यांना वाढवले. बोलण्यात दोष होता, त्यामुळे वर्गात मुले हसत आणि हा मुलगा हाणामारीवर येई. शाळा अर्धवट सोडून सतराव्या वर्षी ते सैन्यात गेले. पुढे मिळेल ती कामे केली. स्पर्धेच्या वेळी ते न्यूयॉर्क राज्याच्या श्रमखात्यात नोकरीला होते. दिवसा नोकरी आणि रात्री लेखन. आपल्यातल्या किती लेखकांचे वेळापत्रक हेच आहे!

१९६९ साली पेरेंट्स मॅगझिन प्रेसने ते पुस्तक काढले. नाव ‘व्हेअर डज द डे गो?’, म्हणजे ‘दिवस कुठे जातो?’ चित्रे लिओ कार्टी यांची. गोष्ट अगदी साधी आहे. एक काळा बाप मुलांना घेऊन बागेत येतो. मुले निरनिराळ्या वंशांची. रात्र झाली की दिवस कुठे जातो, याविषयी प्रत्येक मूल आपापली कल्पना सांगते. बाप सगळ्यांचे ऐकून घेतो आणि मग पृथ्वी कशी फिरते ते समजावून देतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन जेमतेम वर्ष झाले होते. अशा वेळी असले सौम्य पुस्तक? मीही प्रथम नाक मुरडले. यात विद्रोह कुठे आहे? मग माझ्या लक्षात आले, की काळा बाप इथे मार खात नाही, दारू पीत नाही, कुणापुढे हात जोडत नाही. त्याला विज्ञान माहीत आहे आणि तो ते गोऱ्या मुलालाही शिकवतो. मुलांच्या पुस्तकात ज्ञान देणारा माणूस कोणत्या घरातला असतो, हे आपली जुनी पाठ्यपुस्तके उघडून पाहावे, म्हणजे या साध्या गोष्टीतला नकार कळेल. या पुस्तकावर नाव मात्र ‘वॉल्टर एम. मायर्स’ असे आहे. ‘डीन’ हे नाव त्यांनी पुढे पालक आईबापांच्या सन्मानार्थ घेतले.

पहिले पुस्तक निघाले म्हणजे लेखक झाला, असा आपल्याकडे समज आहे. तसे होत नाही. चित्रपुस्तकाचे मानधन साधारणपणे लेखक आणि चित्रकार यांच्यात वाटले जाते. त्यावर संसार चालत नाही. मायर्स यांनीही पूर्णवेळ लेखन लगेच सुरू केले नाही. १९७० साली ते बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेत संपादक झाले. त्यांची पुढची चित्रपुस्तके १९७२ ची आणि किशोरांसाठीची पहिली कादंबरी १९७५ ची. मधल्या काळात त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून पुस्तक कसे निवडतात, कसे नाकारतात, कसे विकतात, हे पाहिले. मला हे संपादकपद पुरस्काराहून मोलाचे वाटते. आपल्याकडे लेखक पुष्कळ झाले, पण हस्तलिखितावर ‘छापा’ असा शेरा मारणारे आपले किती?

पुढे सरकारी पैसा आटला आणि प्रकाशकांचा उत्साहही आटला. १९८५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने मोजदाद केली, तेव्हा वर्षाच्या सुमारे २,५०० पुस्तकांत काळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तके फक्त १८ होती. पुढच्याच वर्षी मायर्स यांनी वृत्तपत्रात आपली निराशा बोलून दाखवली. २०१४ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांना पुन्हा तोच लेख जणू लिहावा लागला. तेव्हा आकडे होते ३,२०० पुस्तकांत काळ्या माणसांविषयीची ९३. मधल्या काळात त्यांची स्वतःची पुस्तके शंभरीपार गेली होती.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, आता तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वस्तीतल्या मुलांच्या अकरा गोष्टी लिहिल्या. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत केले. गोष्टी चांगल्या आहेत, पण भाषा शुद्ध करा आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची गोष्ट वगळा, मुलांत जातीचा विषय नको, असा निरोप होता. गणपतीच्या गोष्टीत जात नसते आणि मिरवणुकीच्या गोष्टीत असते! पोराने पतपेढीचे कर्ज काढून पाचशे प्रती स्वतः छापल्या. वर्षभरात सव्वादोनशे खपल्या. बहुतेक जयंतीच्या मांडवातल्या टेबलावर, बाबासाहेबांच्या पुस्तकांशेजारी. परीक्षण एकही नाही. उरलेले गठ्ठे त्याच्या घरी पलंगाखाली आहेत.

मायर्स यांचे पालक वडील हर्बर्ट डीन मुलाच्या पुस्तकांविषयी कधी एक शब्द बोलले नाहीत. मायर्स यांच्या मनात ते सलत राहिले. वडील गेल्यावर त्यांना कळले, की वडिलांना वाचताच येत नव्हते.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या घरात अक्षर शिरले ते माझ्या दप्तरातून. अण्णा अंगठा उठवत. माझा प्रबंध त्यांनी हातात घेतला, पाने मोजल्यासारखी चाळली आणि परत दिला. परवा विद्यार्थ्याचे ते गोष्टींचे पुस्तक घरी आणले, तेव्हा माझ्या मुलीने ते अण्णांच्या मांडीवर बसून मोठ्याने वाचले. मिरवणुकीची गोष्ट आली तेव्हा अण्णा म्हणाले, “थांब. ते परत वाच.”