ओआरएसच्या एका पाकिटातून रसायनशास्त्राची ओळख (नर्सिंगला जाणाऱ्या मुलामुलींसाठी)



बारावीनंतर एएनएम, जीएनएम अशा अभ्यासक्रमांना जाणाऱ्या बऱ्याच मुली कला शाखेतून आलेल्या असतात. विज्ञान दहावीलाच सुटलेलं असतं. पहिल्या वर्षी द्रावण, संहती, आयन, मोल हे शब्द समोर आले की त्या घाबरतात. "मॅडम, हे माझ्याच्यानं होणार नाही" असं म्हणतात. खरं सांगायचं तर यातलं बरंचसं आपण पाचवी ते आठवीत शिकवलेलंच असतं. लिटर-मिलिलिटर, शेकडेवारी, गुणोत्तर आणि विरघळणे. फक्त त्याचा दवाखान्याशी संबंध जोडून दिलेला नसतो.

तो संबंध जोडायला एकच वस्तू पुरेशी आहे. आशाताई घरी आणून देतात ते ओआरएसचं पाकीट, म्हणजेच जलसंजीवनी.

१) पाकिटात असतं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी हे घटक लागतात :

• सोडियम क्लोराईड (म्हणजे आपलं मीठ) – २.६ ग्रॅम
• ग्लुकोज – १३.५ ग्रॅम
• पोटॅशियम क्लोराईड – १.५ ग्रॅम
• ट्रायसोडियम सायट्रेट – २.९ ग्रॅम

एकूण २०.५ ग्रॅम. पाकिटाच्या मागे ही नावं छापलेली असतात. मुलांना आधी ती मोठ्याने वाचायला लावा. नाव ओळखीचं झालं की निम्मी भीती जाते.

२) विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे

इथे पाणी हे द्रावक, पावडर हे द्राव्य आणि दोन्ही मिळून झालेलं ते द्रावण. एवढं मुलांना येतं. पण पुढे एक फरक आहे. ग्लुकोज पाण्यात विरघळतं तेव्हा त्याचे रेणू एकमेकांपासून सुटे होतात, पण प्रत्येक रेणू अखंडच राहतो. मीठ मात्र विरघळताना सोडियम आणि क्लोराईड अशा दोन भागांत वेगळं होतं. सोडियमवर धन प्रभार असतो, क्लोराईडवर ऋण. अशा प्रभार असलेल्या कणांना आयन म्हणतात. रक्ताच्या रिपोर्टवर 'इलेक्ट्रोलाइट्स' असं लिहिलेलं असतं आणि खाली सोडियम, पोटॅशियम, क्लोराईडचे आकडे असतात, ते याच आयनांचे.

३) मोल म्हणजे कणांचा 'डझन'

केळी आपण डझनावर मोजतो. अणू-रेणू इतके बारीक असतात की तिथे डझन पुरत नाही, म्हणून 'मोल' हे मोठं माप घेतलं आहे. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. एक डझन बोरं आणि एक डझन नारळ यांचं वजन सारखं नसतं, तसंच एक मोल मिठाचं वजन ५८.५ ग्रॅम आणि एक मोल ग्लुकोजचं १८० ग्रॅम भरतं. मोलचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल.

आता गणित करू.

ग्लुकोज : १३.५ भागिले १८० = ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलिमोल.
मीठ : २.६ भागिले ५८.५ = सुमारे ०.०४५ मोल, म्हणजे ४५ मिलिमोल.

सोडियम सायट्रेटमधूनही येतं. सायट्रेट सुमारे १० मिलिमोल आहे आणि त्याच्या प्रत्येक कणासोबत तीन सोडियम, म्हणजे आणखी ३०. एकूण सोडियम ४५ + ३० = ७५ मिलिमोल.

गंमत पाहा. वजनात ग्लुकोज मिठाच्या पाचपट दिसतं, पण कण मोजले तर सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५! हा योगायोग नाही. शरीराला वजन कळत नाही, कणांची संख्या कळते. म्हणून मोल शिकायचा.

४) मीठ ठीक आहे, पण साखर कशाला?

जुलाबात शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं. मग नुसतं मीठपाणी दिलं तर? ते आतड्यात पुरेसं शोषलंच जात नाही. आपल्या लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज यांना सोबतच आत घेतं. जणू जोडीचं तिकीट! हे दोघं आत गेले की त्यांच्यामागोमाग पाणीही आत जातं. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा बऱ्यापैकी उघडा असतो, म्हणून ओआरएस काम करतं.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचं सलाईन अपुरं पडू लागलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा पाण्यात कालवून ते तोंडाने पाजायला सुरुवात केली. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजत. मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

५) पाणी कोणत्या बाजूला जातं?

कोशिंबिरीत मीठ घातलं की काकडीला पाणी सुटतं. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात. दोन्हीकडे नियम एकच : पाणी कमी कणांच्या बाजूकडून जास्त कणांच्या बाजूकडे जातं. यालाच परासरण म्हणतात.

ओआरएसमधले सगळे कण मोजू : सोडियम ७५, क्लोराईड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १० आणि ग्लुकोज ७५. बेरीज २४५. आपल्या रक्तद्रव्यात हाच आकडा साधारण २९० असतो. म्हणजे ओआरएस रक्तापेक्षा थोडं पातळ आहे, त्यामुळे पाणी आतड्यातून शरीरात जातं.

६) पालकांनो, हे नक्की वाचा

एक लिटरचं पाकीट एका ग्लासात कालवलं तर काय होईल? ग्लास २०० मिलिलिटरचा धरला तर द्रावण पाचपट तीव्र झालं. २४५ गुणिले ५ = १२२५. आता आतड्यातले कण रक्तापेक्षा चौपट झाले. पाणी उलट दिशेने, शरीरातून आतड्यात ओढलं जाईल. जुलाब वाढतील आणि रक्तातलं सोडियमही धोकादायक वाढू शकतं. लहान बाळासाठी हे जीवावर बेतू शकतं. म्हणून पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलिलिटरचं, ते आधी वाचा. 'अर्धं आत्ता, अर्धं नंतर' असं अंदाजाने करू नका. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी. तयार केलेलं द्रावण २४ तासांच्या आत वापरा, उरलं तर टाकून द्या.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. चमचा शिगोशीग नको. फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. बाळ सुस्त झालं, लघवी कमी झाली, पाणी पीत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

७) सलाईनची शेकडेवारी

सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम आणि ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम. ९ भागिले ५८.५ केलं की १५४ मिलिमोल मीठ. सोडियम आणि क्लोराईड मिळून कण ३०८, म्हणजे जवळपास रक्ताइतकेच. म्हणून तांबड्या पेशी त्यात फुगतही नाहीत, आकसतही नाहीत. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात.

इथे दशांश चिन्ह किती मोलाचं आहे ते मुलांच्या लक्षात आणून द्या. ०.९ च्या जागी ९ झालं तर द्रावण दहापट तीव्र. पोटॅशियमच्या बाबतीत तर जास्तच काळजी. रक्तात ते लिटरला फक्त ३.५ ते ५ मिलिमोल असतं. म्हणून पोटॅशियम क्लोराईडचं तीव्र इंजेक्शन कधीही थेट शिरेत देत नाहीत, पातळ करून सावकाश देतात. नाहीतर हृदय बंद पडू शकतं.

८) करून पाहा

बटाट्याचे दोन सारखे काप घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरा मिठाच्या दाट पाण्यात ठेवा. दोन तासांनी हाताने वाकवून पाहा. एक ताठ, दुसरा लुळा. का, ते मुलांनाच सांगू द्या.

सराव

१. २०० मिलिलिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज किती ग्रॅम? (उत्तर : २.७)
२. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर किती ग्रॅम? (उत्तर : २५)
३. २ ग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम? (उत्तर : २०००)

शिक्षक मित्रहो, हे तिन्ही प्रश्न प्राथमिकच्या गणितातलेच आहेत. दशांश चिन्ह आणि एककांचं रूपांतर आपण वर्गात नीट पक्कं करून घेतलं, तर उद्या आपलीच एखादी विद्यार्थिनी वॉर्डात रात्रपाळीला बाटली हातात घेऊन हाच हिशोब न चुकता करेल.