एक डोळा उघडा

घरात राजहंस असले की कुत्रा लागत नाही, असं ठामपणे सांगणारी माणसं मला गेल्या अठरा वर्षांत पुष्कळ भेटली. प्रत्येकाला मी एकच सांगत आलोय : राजहंस ओरडतो, लढत नाही. मांजरावर, अनोळखी माणसावर तो मान लांबवून, फिस्कारत धावून जाईल, पंखाचा सणसणीत तडाखाही देईल. पण कोल्ह्यापुढे, भटक्या कुत्र्यापुढे, बिबट्यापुढे तो भक्ष्यच. त्याचं मोल त्याच्या गळ्यात आहे, आणि ती हाक ऐकून उठणारं माणूस घरात लागतं.

आमची वाडी कणकवलीहून घाटाकडे जाताना लागते. गडग्यापलीकडे काजू आणि काजूपलीकडे रान. पावसाळ्यात खालच्या कुणग्यात पाणी तुंबतं, तिथे बदकं दिवसभर चोचीनं चिखल चाळत असतात. आज अकरा बदकं आणि चार राजहंस आहेत. सुरुवातीच्या वर्षांत नुसती बदकंच होती. चौथ्या वर्षी जेठातल्या एका रात्री पाऊस असा कोसळत होता की खुराड्यातला आवाज घरापर्यंत आलाच नाही. सकाळी दार उघडलं तर सात बदकं मेलेली. खाल्लेलं एकच, तेही अर्धं. बाकी सहांच्या मानेवर फक्त दातांच्या खुणा. दाराखालची माती पावसानं खचून चार बोटं फट पडली होती. दुसऱ्या रात्री मी पडवीत जागत बसलो. दीडच्या सुमारास तो परत आला आणि बॅटरीच्या उजेडात शेपटीवरची काळी-पांढरी कडी स्पष्ट दिसली. कांडेचोर.

वाडीतले म्हणाले, जनावर माजलंय, औषध घाल. मी घातलं नाही, आणि आजही कुणी घालतो म्हटलं तर त्याच्या अंगणात जाऊन वाद घालतो. विषाचा गोळा कोण खाईल ते आपल्या हातात नसतं. त्यात शेजाऱ्याचा कुत्रा मरतो, मेलेल्यावर बसलेली घार मरते, आणि कांडेचोराची रिकामी जागा महिन्याभरात दुसरा कांडेचोर घेतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या प्राण्यांना संरक्षण आहे.

आणि माजणं तरी कसलं? हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाचा १९७२ सालचा एक निबंध याच विषयावर आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळ्याकुट्ट, वादळी रात्री खोकडांनी जमिनीवर बसलेल्या कुरवांची कत्तल केली आणि बहुतेक पक्षी तसेच टाकून दिले, हे त्यांनी नोंदवलं होतं. एरवी पहिला पक्षी धरला की बाकीचे उडून जातात आणि शिकार तिथेच संपते. पळणारं पळालंच नाही, तर चावण्याची ऊर्मी थांबायला कारणच उरत नाही. माझ्या खुराड्यात नेमकं हेच झालं. पक्ष्यांना पळायला वाट नव्हती आणि जनावराला शिरायला मात्र होती.

कोंबडी सांज झाली की फणसावर चढून बसते. बदक चढत नाही, राजहंसही नाही (मस्कोव्ही तेवढं चढतं). ते जमिनीवरच झोपतात, म्हणून रात्रीचं घर हाच त्यांच्या राखणीचा गाभा. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि कोकणच्या हवेत दोन पावसाळ्यांत ती गंजून जाते. मी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली. खालच्या बाजूला ती दीड फूट बाहेर दुमडून मातीत पुरली आणि वर चिरे बसवले. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं आणि त्याचे पंजे जाळीला लागतात. दाराला दोन कड्या, उंबऱ्याला सिमेंट. बदकामागे तीन-चार चौरस फूट जागा, खाली भाताचं तूस, आणि वरच्या अंगाला वारा खेळायला भरपूर जाळी, कारण बदकं रात्रीत तूस ओलं करतात आणि कोंदट खुराड्यात आजार माजतो.

जाळी मातीत पुरण्याचं आणखी एक कारण म्हणजे अजगर. शेजारच्या वाडीत एक अजगर घुशीच्या बिळातून आत गेला, बदक गिळलं आणि पोट फुगल्यानं त्याला बाहेर पडता येईना. सकाळी तिथेच वेटोळं करून बसलेला. सर्पमित्रानं त्याला पोत्यात भरलं आणि वनखात्याला कळवून रानात सोडलं.

दार मी सकाळी नऊला उघडतो. बदकं बहुतेक अंडी पहाटे, आठ-नऊच्या आत घालतात. लवकर सोडली तर अंडी कुणग्यात, गवतात पडतात आणि कावळ्यांना, घोरपडीला आयती मेजवानी मिळते. मुंगूस मात्र दिवसाढवळ्या फिरतो. त्याच्यासाठी पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत जाळीच्या छताखालीच राहतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. खुराडं पक्कं झाल्यावर मी राजहंस आणले आणि तेव्हापासून त्यांचं ऐकत आलोय. चरताना त्यांची खालच्या पट्टीत सतत कुजबुज चालते. एखादा मागे राहिला की ती वाढते. जमिनीवरून काही आलं की एक नर मान ताठ करून एकच मोठी हाक देतो, मग चौघांचा गदारोळ. पण आकाशातून काही आलं की एकदम शांतता. मोरघार दिसली की चारही माना तिरक्या होतात, एकेक डोळा वर लागतो, चरणं थांबतं. घरात बसून मला गोंगाटापेक्षा ही शांतता लवकर ऐकू येते.

या आकाशाच्या भीतीवर लॉरेन्झ आणि टिनबर्गन यांनी १९३७ च्या सुमारास प्रयोग केले होते. पुठ्ठ्याची एकच आकृती एका दिशेनं ओढली की लांब मानेच्या हंसासारखी दिसते, उलट ओढली की आखूड मानेच्या, लांब शेपटीच्या ससाण्यासारखी. पिल्लं ससाण्याला घाबरली. भीती जन्मजात असावी असं आधी वाटलं. पुढच्या संशोधकांनी सवयीवर बोट ठेवलं : डोक्यावरून रोज हंस जातात, त्यांची सवय होते; ससाणा क्वचित येतो, म्हणून भीती टिकते. माझा कल या दुसऱ्या उत्तराकडे. आमच्याकडे पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारी दिवसभर घिरट्या घालतात. नवे राजहंस पहिला महिनाभर त्यांना दचकत, आता मानही वर करत नाहीत. मोरघारीची सवय मात्र त्यांना कधीच झाली नाही.

त्याहून मोठं नवल झोपेचं. १९९९ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या संशोधकांनी मॅलार्ड बदकं ओळीनं झोपवून त्यांच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या. मधली बदकं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपत. कडेची दोन मात्र अनेकदा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवत आणि त्यांचा अर्धा मेंदू झोपत असताना अर्धा जागा राही. हे वाचल्यापासून मी अनेक रात्री बॅटरीवर लाल कागद लावून जाळीशी बसलो. रांग रोज तीच नसते, पण कडेच्या पक्ष्याचा जाळीकडचा डोळा उघडा, काळा, ओलसर चमकताना मी स्वतः पाहिलाय.

राखणदार म्हणून रोमचे राजहंस प्रसिद्ध आहेत. इ. स. पू. ३९० मध्ये गॉल चढून येत असता जूनोच्या देवळातल्या हंसांनी रोमकरांना जागं केलं, अशी कथा लिव्हीनं लिहून ठेवलीय. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनच्या व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून २०१२ पर्यंत राजहंसांचा पहारा होता. दोन्हीकडे काम एकच : बोंब मारणं.

माणसाच्या पहाऱ्याची रीत मला केरळातल्या कुट्टनाडात दिसली. भात कापून झालं की आलप्पुळाकडची बदकवाली माणसं शेकडो पक्षी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात नेतात. सांडलेलं भात आणि गोगलगायी खाऊन पक्षी पोसले जातात. रात्री कमरेएवढ्या जाळ्याचं रिंगण करतात आणि माणूस त्याच्या कडेलाच पथारी टाकतो. मी गेलो त्या रात्री माझ्याशी बोलत असलेला म्हातारा मध्येच थांबला आणि बॅटरी घेऊन उठला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बांधावर एक कुत्रा उभा होता.

कुत्र्यांचं सांगायलाच हवं. माझ्या अठरा वर्षांच्या वहीत कांडेचोर, रानमांजर, कोल्हा, मुंगूस सगळे मिळून जेवढे पक्षी गेले, त्याहून जास्त भटक्या कुत्र्यांनी मारले. बिबट्या आमच्या वाडीत येतो तो त्या कुत्र्यांसाठीच.

जातींचं आणि संगोपनाचं थोडक्यात सांगतो. मस्कोव्ही दक्षिण अमेरिकेची, बाकी सगळी पाळीव बदकं मॅलार्डची संतती. खाकी कॅम्पबेल अंड्यांना उत्तम, चांगल्या संगोपनात वर्षाला तीनशेच्या आसपास. बदकाची अंडी २८ दिवसांत फुटतात, मस्कोव्हीची ३५. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड पिल्लांना विषासारखी. बदकांच्या प्लेगची लस पशुवैद्याकडून वेळेवर टोचून घ्यावी.

रानातून येतं ते सगळंच दात घेऊन येत नाही. दिवाळीनंतर आमच्या तळ्यावर धनवर, म्हणजे हळदी-कुंकू बदकं उतरतात. चोचीच्या बुडाशी लाल ठिपके, टोक पिवळं. बघत राहावं असा पक्षी. पण तेव्हा मी माझी बदकं तळ्यावर सोडत नाही आणि खाद्य छपराखालीच ठेवतो. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. बदकं हा विषाणू अंगी बाळगूनही कधीकधी धडधाकट दिसतात. उलट धोकाही आहे. धनवर आणि पाळीव बदक जवळचे नातलग, त्यांचा संकर होऊ शकतो. कंटाळा आला म्हणून पाळीव बदकं धरणात सोडून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गेल्या मार्गशीर्षात मध्यरात्री राजहंसांनी हाक दिली. बाहेर आलो तर गडग्यावर कांडेचोर बसलेला. त्यानं उडी मारली, खुराड्याला एक पूर्ण फेरी घातली, दाराशी थोडं हुंगलं, चिऱ्याच्या फटीत एकदा पंजा घालून पाहिला आणि काजूत निघून गेला. सकाळी तो चिरा हलवून पाहिला. किंचित डगमगत होता. त्याच दिवशी खाली खडी ठोकून तो पक्का बसवला.