सांधा शाबूत, शेजार तुटला

ट्रकचा तुटलेला पाटा वेल्डिंग करून बसवला, की तो बहुधा पुन्हा तुटतो. पण सांध्यावर नव्हे, सांध्याला लागून! खिडकीचे गज मात्र तशाच वेल्डिंगने वर्षानुवर्षे टिकतात. असे का?

फरक कर्बाचा आहे. गजाच्या मृदू पोलादात कर्ब सुमारे ०.२ टक्के असतो, पाट्यात ०.५ ते ०.६. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याची स्फटिकरचना बदलते आणि कर्ब तिच्यात विरघळतो. ते झटकन थंड झाले तर कर्बाला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकतो. या अतिकठीण पण ठिसूळ रूपाला जर्मन शास्त्रज्ञ मार्टेन्स यांच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात.

आपला लोहार जुन्या पाट्याच्या कोयत्याला पाणी देतो, तेव्हा हेच मुद्दाम घडवतो. मग कोयता पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतो. वेल्डिंगमध्ये पाणी लागतच नाही. सांध्याशेजारची लाल पट्टी भोवतालच्या थंड पोलादामुळेच विझते! म्हणून जाणता वेल्डर असे पोलाद आधी तापवून घेतो, नंतर राखेत पुरून सावकाश निवू देतो. तरीही पाट्याची मूळची लवचीकता तेथे उरत नाही. रत्नागिरीहून आंबा घाट चढणाऱ्या ट्रकला असा पाटा लावूच नये.