उचल, हिशेब आणि वकील

दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं टेम्पोत घालून बिऱ्हाडं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, घरात दाणा नसताना. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते. खरा हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर. वही मालकाची, आकडाही मालकाचा. किती हजार विटा पाडल्या, किती खर्ची घेतली, हे मजुराकडे असतं ते फक्त आठवणीत. ‘अजून फिटलं नाही’ असं निघालं, की पुढचा हंगामही त्याच भट्टीवर.

कायदा याबाबतीत मजुराच्या बाजूने अगदी ठाम आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. उचल हे वेठबिगारीचं कर्ज आहे असं मजुराने म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायचं पैसे देणाऱ्याने. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणं हीच सक्तीची मजुरी ठरवली. वसई भागात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच कायद्याच्या बळावर वेठबिगार सोडवले.

पण कायदा वापरायचा तर वकील हवा, आणि मोफत कायदेशीर मदतीचा विचार वेठबिगारीच्या कायद्याहून जुना. मुंबई सरकारने १९४९ मध्येच न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पुढे त्यांचेच चिरंजीव न्या. पी. एन. भगवती आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी हा विषय देशभर लावून धरला. ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आलं, तेही १९७६ सालीच. १९८३ मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून, मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवावं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला.

या कायद्याचं बारावं कलम प्रत्येक वाडीवर मोठ्याने वाचलं जायला हवं. आदिवासी, स्त्री, मूल, कोठडीतला माणूस, वेठबिगारीला बळी पडलेला, यांना उत्पन्नाची अट नाही. भट्टीवरची कातकरी बाई एकाच वेळी तीन कारणांनी पात्र ठरते. अर्ज साध्या कागदावर चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायचं असतं. वकिलाचं मानधन प्राधिकरण देतं, कोर्ट फीचा भारही तिच्यावर पडत नाही. १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर.

मग अडतं कुठे? माझ्या मते, वकील मिळण्याच्या कितीतरी आधी. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारात असते आणि वेठबिगाराचं मुक्तीचं प्रमाणपत्र प्रांताच्या हातात. शहापूरचा प्रांत बसतो भिवंडीत, मुरबाडचा कल्याणला. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने जाऊन यायचं म्हणजे एक रोज बुडाला. तारीख पडली की दुसरा. जातीचा दाखला नसेल तर त्यासाठी वेगळे हेलपाटे. मदत मोफत आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायला लागतात ते पैसे रोजंदारीवरच्या माणसाने आणायचे कुठून?

शिवाय वेळेचाही प्रश्न आहे. ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. तो दिवाळीच्या आगेमागेच येतो, बिऱ्हाडं निघण्याच्या धांदलीत. शिबिरं घ्यायची तर जुलै-ऑगस्टमध्ये वाडीवर घ्यावीत, उचलीचे पैसे हातात पडण्याआधी. आणि मे महिन्यात समितीचा विधी स्वयंसेवक भट्टीवर हजर असावा, हिशेबाची वही उघडेल तेव्हा. किमान वेतनाचा दर, पाडलेल्या विटा आणि दिलेली खर्ची त्याने मजुरासमोर मांडावी, आणि मालक पैसे देणं लागत असेल तर अर्ज तिथेच लिहून घ्यावा.