ऊर्जेचे साठे (लेखांक ४) : तलाव, बंध, क्षेत्र आणि केंद्रक

उंचावरच्या पाण्यात ऊर्जा असते, असे म्हणायची पद्धत आहे. काटेकोरपणे पाहिले तर ती एकट्या पाण्याची नसते. पृथ्वीच्या ओढीविरुद्ध काम करून पाणी तिच्यापासून दूर नेलेले असते, आणि साठा त्या जोडीचा असतो. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरचा घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली सोडायचे. चढ सुमारे ४०० मीटरचा. हजार लिटर पाणी इतके वर नेले, तर साठतात सुमारे ३९ लाख जूल, म्हणजे वीजबिलातले जेमतेम एक युनिट. त्यातलेही काही चढ-उतारात वाया जाते.

एवढ्या पाण्यात एवढेच, कारण गुरुत्वाकर्षण फार दुबळे आहे. अणूंना बांधून ठेवणारे विद्युतबल त्याहून कितीतरी जोरकस. घड्याळाच्या स्प्रिंगला चावी देताना हे बंध किंचित ताणले जातात, एवढेच. म्हणून तो साठा लहान. ज्वलनात मात्र बंध तुटून नव्याने जुळतात आणि एक लिटर पेट्रोलमधून नऊ युनिटांहून अधिक ऊर्जा मिळते. अर्थात निम्मे श्रेय हवेतल्या ऑक्सिजनचे. चंद्रावर नुसते पेट्रोल नेऊन काहीच पेटणार नाही. लिथियम-आयन बॅटरीला आपली सारी सामग्री सोबत बाळगावी लागते. किलोमागे तिच्यात पाव युनिटाच्या आतबाहेरच ऊर्जा मावते, ते काही अंशी यामुळेच.

कपॅसिटरमध्ये साठा असतो तो दोन पट्ट्यांमधल्या विद्युतक्षेत्रात. तो फार मोठा नसतो, पण क्षणात मोकळा होतो. हृदयाला झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरला दोन-तीनशे जूल पुरतात; ते काही मिलिसेकंदांत मिळणे महत्त्वाचे.

तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो तेव्हा ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात राहते. प्रवाह दुप्पट केला की साठा चौपट. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणत्वरकाच्या अतिसंवाहक चुंबकांत पूर्ण प्रवाह असताना सुमारे हजार कोटी जूल असतात. १९ सप्टेंबर २००८ रोजी, प्रवाह त्याहून कमी असतानाच, दोन चुंबकांमधला एक सांधा निकामी झाला. विजेच्या ठिणगीने चुंबक थंड ठेवणाऱ्या हीलियमच्या आवरणाला भोक पडले, अनेक टन वजनाचे चुंबक जागचे हलले आणि यंत्र वर्षभराहून अधिक काळ बंद राहिले. रिकाम्या दिसणाऱ्या जागेतला साठाही किती खरा असतो, याचा याहून महागडा पुरावा क्वचितच सापडेल.

फिरत्या फ्लायव्हीलमध्ये ऊर्जा गतीच्या रूपात असते. उष्णताही कणांची गतीच, पण विस्कळीत. त्यामुळे ती सगळीच्या सगळी पुन्हा कामाला जुंपता येत नाही. तरी ती साठवणे स्वस्त पडते. स्पेनमधले सेव्हिलजवळचे हेमासोलर केंद्र वितळलेल्या क्षारांत दिवसाची उष्णता धरून रात्री वीज बनवते.

अणुकेंद्रकाचा साठा या सर्वांपलीकडचा. युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात आणि तीव्र केंद्रकीय बल त्यांना आवरून धरते. न्यूट्रॉनच्या धक्क्याने ही पकड सुटली की तुकडे परस्परांच्या ढकलण्यानेच प्रचंड वेगाने दूर फेकले जातात. युरेनियम-२३५ चे एक किलो पूर्ण विखंडित झाले तर दोन कोटींहून अधिक युनिटे मोकळी होतात आणि वस्तुमान सुमारे एक ग्रॅमने घटते. हा साठा माणसाने भरलेला नाही. सूर्यमाला जन्मण्यापूर्वी, ताऱ्यांच्या उत्पातांत ही जड केंद्रके घडली, तेव्हाच तो भरला गेला.