अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर...

जवाहरनगरसारख्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत असो की भंडाऱ्याच्या एखाद्या खेड्यात, दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना एकच घोर लागलेला असतो: शाळा संपली, आता पुढे काय? अनाथ मुलांसाठी तर हा प्रश्न आणखी बिकट. बालगृहाचा आसरा साधारणपणे १८ व्या वर्षापर्यंतच. त्यानंतरच्या अनुरक्षण गृहातील सोयही काही वर्षांपुरतीच मिळते.

स्वयंसेवी संस्था नेमके इथेच उपयोगी पडतात. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले आणि १८ नंतरही त्यांना घराबाहेर काढले नाही. अशा मुलांना आजन्म आश्रय देणारा कायदा व्हावा, ही त्यांची जुनी मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वझ्झरला वाढलेली एक दृष्टिहीन तरुणी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

वरोऱ्याच्या आनंदवन या संस्थेचा भर दिव्यांगांच्या हाताला काम देण्यावर आहे. आधार खेळातूनही मिळू शकतो: नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलमधून शिस्त आणि आत्मविश्वास दिला.

संस्थांचे आणखी एक काम म्हणजे हक्क मिळवून देणे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढून घ्यावे.